कंपायलरशी पहिली ओळख
— तृतीय वर्ष, कला शाखा

आमच्या रोहिणखेडला एक जुनी मशीद आहे. मोताळा तालुक्यातले हे गाव आज लहान दिसते. पण घाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे एके काळी ते मोठे मोक्याचे ठिकाण होते. १४३७ आणि १५९० अशा दोन लढाया येथे झाल्याची नोंद इतिहासात सापडते. मशीद दुसऱ्या लढाईच्या आठ वर्षे आधीची, म्हणजे १५८२ सालची, खुदावंदखान महदवी याने बांधलेली. तिच्यावर फारसी लेख कोरलेला आहे. लहानपणी आम्ही मुले त्या अक्षरांकडे नुसते पाहत उभे राहत असू. अक्षरे सुंदर दिसत. अर्थ मात्र एकालाही लागत नसे.

समजा, उद्या फारसी जाणणारे एखादे विद्वान गृहस्थ आमच्या गावी आले. त्या लेखाचा अर्थ गावकऱ्यांना कळावा म्हणून ते दोन गोष्टी करू शकतील. पहिली अशी, की त्यांनी सगळा लेख आधी स्वत: वाचावा, त्याचे मराठी भाषांतर कागदावर उतरवून आमच्या हाती द्यावे आणि आपल्या गावी परत जावे. पुढे ते असोत वा नसोत, कागद आमच्याजवळ राहील आणि ज्याला वाटेल त्याने तो केव्हाही वाचावा. दुसरी गोष्ट अशी, की त्यांनी दगडाजवळ उभे राहावे आणि एकेक ओळ वाचून तिचा अर्थ तोंडी सांगत जावे. यात कागदाचा खटाटोप नाही, काम लगेच सुरू होते; पण पुन्हा अर्थ ऐकावयाचा झाल्यास त्यांना पुन्हा बोलवावे लागेल.

संगणकाच्या जगात यांपैकी पहिल्या गृहस्थांना कंपायलर म्हणतात आणि दुसऱ्यांना इंटरप्रिटर. एक भाषांतरकार, दुसरा दुभाष्या. एवढा भेद ध्यानात आला की या विषयाचे अर्धे दार उघडले असे समजावे.

हा लेख कला शाखेचा विद्यार्थी लिहीत आहे याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटले होते. प्रोग्राम लिहिणे हे गणितवाल्यांचे काम, आपण आपले व्याकरण आणि वाङ्मयाचा इतिहास सांभाळावा, अशी माझी समजूत होती. गेल्या सुट्टीत ‘सी’ नावाची भाषा शिकावयास घेतली तेव्हा ती समजूत गेली आणि एक वेगळीच अडचण माझ्यापुढे उभी राहिली. ती पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास.

भाषांतरकार का लागला?

संगणकाच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, एकच भाषा कळते. तिच्यात शून्य आणि एक अशी दोनच अक्षरे. अमुक खान्यातला आकडा उचल, त्यात तमुक मिळव, उत्तर अमक्या खान्यात ठेव, अशा बारीक बारीक आज्ञा त्या दोन अक्षरांत लिहावयाच्या. आपल्या देशात हे काम कसे चाले याचे उदाहरण मुंबईचेच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक देशातच बांधला गेला. १९६० साली तो कामास लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. येथे शब्द म्हणजे चाळीस शून्य-एकांची एक रांग. त्यावर काम करणाऱ्याला यंत्राच्या भाषेतच आज्ञा लिहाव्या लागत. एका ठिकाणी शून्याऐवजी एक पडला की सारा हिशेब गेला. आणि तो चुकीचा एक शोधावयाचा कोठे? सगळीकडे शून्य आणि एकच!

माणसाला सोसेल अशा भाषेत लिहावे आणि यंत्राच्या भाषेत भाषांतर करण्याचे काम यंत्राकडेच सोपवावे, ही कल्पना यातूनच निघाली. अमेरिकेत ग्रेस हॉपर या बाईंनी १९५२ साली ‘ए-झिरो’ नावाची व्यवस्था तयार केली आणि कंपायलर हा शब्द या अर्थाने रूढ होऊ लागला. १९५७ मध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय.बी.एम. कंपनीच्या ७०४ या यंत्रासाठी ‘फोरट्रॅन’ ही भाषा व तिचा कंपायलर पुरा केला. गणितातली सूत्रे जवळजवळ जशीच्या तशी लिहावीत आणि यंत्राच्या आज्ञा कंपायलरने तयार कराव्यात, अशी ही सोय होती.

मुंबईच्या त्याच संस्थेत १९६४ साली सी.डी.सी. ३६०० हा मोठा संगणक आला आणि त्यावर फोरट्रॅन चालू लागली. त्या काळी प्रोग्राम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून देत. एका कार्डात ऐंशी रकाने. फोरट्रॅनचे विधान सातव्या रकान्यापासून बहात्तराव्यापर्यंतच लिहावयाचे. कार्डांचा गठ्ठा खिडकीत देऊन यावयाचे आणि आपली पाळी येऊन छापील कागद हाती पडेपर्यंत थांबावयाचे. कागदावर उत्तराऐवजी ‘अमुक कार्डात स्वल्पविराम नाही’ असे आले, की ते कार्ड नवे करून पुन्हा रांगेत! आज तोच निरोप आपल्याला डोळ्याची पापणी लवण्याच्या आत मिळतो आणि तरीही आपण कुरकुरतो.

सी भाषा आणि आपला विदर्भ

मी जी भाषा घेतली ती सी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ती घडविली. १९७८ मध्ये ब्रायन कर्निहन यांच्यासह त्यांनी तिच्यावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि ते जगभर गेले. भाषा जुनी झाली असली तरी मोडीत निघालेली नाही. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या तळाशी लिनक्सचा गाभा असतो. तो मुख्यत: सी भाषेतच लिहिलेला आहे. सध्या ज्या पायथन भाषेचा गाजावाजा आहे तिचा प्रचलित इंटरप्रिटरही सी भाषेत लिहिलेला आहे.

विदर्भातल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे भारतातल्या असंख्य विद्यार्थ्यांना या भाषेचे बोट धरून चालविणारे पुस्तक नागपूरच्या माणसाचे आहे. यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’. ते इंग्रजीत आहे, पण त्याची इंग्रजी वर्गात समोर उभे राहून समजावून सांगणाऱ्या शिक्षकाची आहे. ज्यांना मराठीतून ऐकावयाचे असेल त्यांच्यासाठी आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमात सी भाषेचे धडे मराठी निवेदनासह आहेत. याच आय.आय.टी.त धनंजय धामधेरे यांनी कंपायलरच्या रचनेवर पाठ्यपुस्तक लिहिले आणि उदय खेडकर यांनी जी.सी.सी. या जगप्रसिद्ध कंपायलरच्या अंतरंगाचा अभ्यास करून तो अनेकांना शिकविला. तेव्हा हा विषय परक्या देशातला, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणावयास जागा नाही.

साधने

कंपायलर विकत घ्यावा लागत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जी.सी.सी. प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून तो सर्वांना मुक्त आहे. लिनक्स असलेल्या संगणकावर तो सहज बसविता येतो, विंडोजवरही मिळतो. ज्याच्याजवळ संगणक नाही, फक्त मोबाइल आहे, त्याने अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ नावाचे साधन घ्यावे आणि त्यात ‘क्लँग’ हा दुसरा मुक्त कंपायलर बसवावा. मोबाइलवर टंकलेखन करताना बोटे दुखतात. पण सुरुवात अडत नाही.

एक सावधगिरीची सूचना. जुन्या पुस्तकांतली पुष्कळ उदाहरणे बोरलँड कंपनीच्या ‘टर्बो सी’वर बेतलेली असतात. हा कंपायलर १९८७ चा, डॉस या जुन्या व्यवस्थेसाठी केलेला. त्यातली ‘कोनिओ’ नावाची फाइल आणि पडदा पुसण्याची आज्ञा या सी भाषेच्या प्रमाण भागात नाहीत, जी.सी.सी.ला त्या लिहून दिल्यास तो अडून बसतो. नवख्याला वाटते, आपलेच काही चुकले. चूक त्याची नसते. पुस्तकातल्या त्या ओळी गाळाव्यात आणि पुढे जावे.

पहिला प्रोग्राम

येथे आज्ञा देवनागरीत लिहून दाखवितो. प्रत्यक्ष यंत्रावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावयाच्या, आकडेही इंग्रजीच.

#इन्क्लूड <एसटीडीआयओ.एच>
इंट मेन(व्हॉइड)
{
    प्रिंटएफ("नमस्कार, रोहिणखेड\एन");
    रिटर्न ०;
}

पहिल्या ओळीत आपण स्टँडर्ड इनपुट-आउटपुटची, म्हणजे यंत्राकडून मजकूर घेण्यादेण्याची, माहिती मागवून घेतो; त्या तीन शब्दांच्या संक्षेपातून हे चमत्कारिक नाव आले. ‘मेन’ म्हणजे मुख्य. प्रोग्राम येथून सुरू होतो. ‘इंट’ ही इंटिजर, अर्थात पूर्णांक, या शब्दाची पहिली तीन अक्षरे. काम संपल्यावर मेनकडून एक पूर्णांक परत मिळेल असे त्यातून सांगितले जाते. महिरपी कंस म्हणजे परिच्छेदाची सुरुवात आणि शेवट. ‘प्रिंटएफ’ ही पडद्यावर मजकूर उमटविण्याची आज्ञा. दुहेरी अवतरणचिन्हांत जे असेल ते बहुतेक जसेच्या तसे उमटते. तेथे मराठी लिहिले तरी कंपायलरची हरकत नसते, मात्र काही पडद्यांवर जोडाक्षरे विस्कटलेली दिसतात. उलट्या तिरप्या रेघेनंतरचे ‘एन’ म्हणजे ओळ बदल. आणि प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम. मराठीत ज्या जागी आपण पूर्णविराम देतो त्या जागी सी भाषेत अर्धविराम येतो. मराठीत तो विसरला तर मास्तर फार तर अर्धा गुण कापतात. येथे पुढचे काहीच होत नाही.

हा मजकूर ‘नमस्कार.सी’ अशा फाइलमध्ये ठेवला (नाव रोमन लिपीतच द्यावे) आणि कंपायलरला त्या फाइलचे नाव सांगितले, की तो कामाला लागतो. ते काम चार टप्प्यांत होते. प्रथम बाहेरून मागविलेली माहिती मूळ मजकुरात आणून घातली जाते. मग व्याकरण तपासून त्याचे यंत्राला जवळच्या अशा सांकेतिक आज्ञांत भाषांतर होते. तिसऱ्या टप्प्यात त्या आज्ञा शून्य-एकांच्या भाषेत उतरतात. शेवटी सांधणी होते: प्रिंटएफ आपण लिहिलेली नाही, ती तयार ग्रंथालयातून आणून आपल्या भागाशी जोडली जाते. या सांधणाऱ्याला लिंकर म्हणतात. चारही टप्पे पार पडले की एक नवी फाइल तयार होते. मशिदीच्या लेखाचे कागदावर उतरवलेले भाषांतर ते हेच. ती फाइल चालविताना कंपायलर जवळ असण्याची गरज नाही.

चुका आणि त्यांचे वाचन

आता कला शाखेच्या विद्यार्थ्याला येथे घरच्यासारखे का वाटावे ते सांगतो. भाषेचे नियम अगदी मोजक्या सूत्रांत बांधावेत ही कल्पना संगणकवाल्यांच्या आधी वैयाकरणांची आहे. ‘अल्गॉल’ या भाषेचे व्याकरण १९६० साली बॅकस आणि पीटर नौर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने मांडले गेले. १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी एका संगणकविषयक नियतकालिकात पत्र लिहून सुचविले, की या पद्धतीला पाणिनी-बॅकस असे नाव द्यावे, कारण तशाच स्वरूपाची मांडणी पाणिनीने फार पूर्वी केली होती. अष्टाध्यायीची सूत्रे ज्याने पाठ केली, किंवा मोरो केशव दामले यांचे १९११ चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ ज्याने चाळले, त्याला नियमांतून वाक्य घडते ही गोष्ट नवी नाही.

कंपायलर हा अतिशय कडक वैयाकरण आहे. तो चुकीचे वाक्य मनाने दुरुस्त करून घेत नाही. चूक सापडली की फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि तक्रार अशी एक ओळ तो लिहितो. नवखा विद्यार्थी ती ओळ पाहून घाबरतो आणि न वाचताच मजकुरात फेरफार करू लागतो. मीही तेच केले. खरे म्हणजे ती ओळ शांतपणे वाचणे हेच शिक्षण. त्यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली: तक्रारीत दिलेला ओळीचा क्रमांक म्हणजे चूक जेथे कंपायलरच्या लक्षात आली ती जागा. चूक पुष्कळदा तिच्या आधीच्या ओळीत असते. अर्धविराम राहिला की हा अनुभव येतो.

दुसरी: एक महिरपी कंस विसरला तर वीस तक्रारी येतात. वीसही चुका आपल्या नसतात. पहिली तेवढी दुरुस्त करून पुन्हा कंपायलरकडे जावे. बाकीच्या पुष्कळशा आपोआप नाहीशा होतात.

तिसरी: तक्रार कोणाची आहे ते पाहावे. मी एकदा घाईत ‘मेन’ या शब्दातली दोन अक्षरे उलटसुलट लिहिली. व्याकरण बरोबर होते, म्हणून कंपायलरने ते माझे स्वत:चे एखादे नाव समजून सोडून दिले. पुढे लिंकर मात्र म्हणाला, मला मेन सापडत नाही. व्याकरणाला हरकत नव्हती. उणीव होती ती जोडणीत.

चुकीशिवाय ताकीद म्हणूनही एक प्रकार असतो. ‘हे चालेल, पण मला शंका आहे’ असे कंपायलर सांगतो. ताकीद आली तरी फाइल तयार होते, म्हणून नवखे तिकडे दुर्लक्ष करतात. तसे करू नये. उलट जी.सी.सी.ला वजाचिन्ह, मोठ्या लिपीतला ‘डब्ल्यू’ आणि त्याला चिकटून ‘ऑल’ हा शब्द देऊन नेहमीच्या सर्व ताकिदी आधीच मागवून घ्याव्यात.

सदतीस किलो कापूस

आता ती अडचण. नमस्कार झाला, दोनचार बेरजा झाल्या, आणि मला वाटले आता घरी उपयोग होईल असे काही करावे. बाबांनी त्या दिवशी कापूस मोजून दिला होता. काट्याच्या चिठ्ठीवर वजन होते ४३७ किलो. भाव क्विंटलला. हिशेबाच्या सोयीसाठी तो सात हजार धरू. मी मोठ्या ऐटीत लिहिले:

इंट किलो = ४३७;
इंट दर = ७०००;
इंट रक्कम = किलो / १०० * दर;

किलोला शंभराने भागले की क्विंटल, क्विंटलला दराने गुणले की रक्कम. कंपायलरने सगळे वाचले. चूक नाही. सगळ्या ताकिदी मागितल्या होत्या. एकही ताकीद नाही. प्रोग्राम चालविला. उत्तर आले २८०००.

मी ते बाबांना सांगितले. बाबा खाटेवर बसले होते. क्षणभर थांबून म्हणाले, “अन् वरचे सदतीस किलो कुठी गेले?”

“मशीनचा हिशेब आहे बाबा,” मी म्हणालो.

“मशीनचा असन. चार क्विंटलचेच अठ्ठावीस हजार होतात. सदतीस किलोचे, किलोला सत्तर रुपये धर.”

मी कागद घेतला. २५९० रुपये. खरी रक्कम ३०५९० होती. व्यापाऱ्याने बाबांना बरोबर पैसे दिले होते; सदतीस किलो कापूस गिळला होता तो माझ्या प्रोग्रामने.

असे का झाले? सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उत्तरही पूर्णांकच येते. अपूर्णांकाचा भाग टाकून दिला जातो. ४३७ भागिले १०० म्हणजे ४.३७ नव्हे, ४. हा भाषेचा जाहीर नियम आहे, पहिल्या काही प्रकरणांतच तो दिलेला असतो. मी तो वाचलाही होता. कंपायलरच्या दृष्टीने माझे वाक्य निर्दोष होते. व्याकरणशुद्ध वाक्य खोटे असू शकते, हे मराठीच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको. ‘चौकोनी वारा हळूहळू पिकला’ या वाक्यात कर्ता, क्रियापद, विशेषण सगळे जागच्या जागी आहे. दामल्यांना त्यात चूक सापडणार नाही. तरी त्याला अर्थ नाही.

दुरुस्ती सोपी होती. आधी गुणावे, मग भागावे: किलो * दर / १००. आता ४३७ गुणिले ७००० म्हणजे ३०,५९,०००, आणि त्याला शंभराने भागले की ३०५९०. माझे समाधान झाले.

पण गोष्ट येथे संपली नाही. एका मित्राने हाच दुरुस्त केलेला प्रोग्राम त्याच्याकडच्या जुन्या टर्बो सीवर चालवून पाहिला. उत्तर आले उणे २११! म्हणजे कापूस आमचा, आणि वर आम्हीच व्यापाऱ्याला दोनशे अकरा रुपये देणे लागतो. पुन्हा चूक नाही, ताकीद नाही. कारण असे, की टर्बो सीमध्ये ‘इंट’ला सोळा शून्य-एकांचीच जागा असते आणि त्यात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. तीस लाख एकोणसाठ हजार त्यात कोंबले की वरचा भाग सांडतो आणि मागे उरतो तो उणे २११९२. त्याला शंभराने भागा, उणे २११. आजच्या जी.सी.सी.मध्ये ‘इंट’ला बहुधा बत्तीस शून्य-एकांची जागा असते, दोनशे चौदा कोटींच्या वर संख्या मावते, म्हणून माझे निभावले. कापूस थोडा होता एवढेच. उद्या एखाद्या मोठ्या संस्थेचा हिशेब आला तर तेही मडके भरून सांडेल. म्हणून पैशांच्या हिशेबात संख्या कोठवर जाईल हे आधी ठरवावे आणि त्याप्रमाणे जागा मागावी. सी भाषेत त्यासाठी ‘लाँग लाँग’ नावाचा मोठा पूर्णांक आहे. दशांश हवे असतील तर ‘डबल’ आहे.

मला काय मिळाले

त्या रात्री मला झोप लागली नाही. अर्धविराम विसरल्याबद्दल जो कंपायलर माझ्यावर दहा वेळा ओरडला तो अडीच हजार रुपये बुडताना गप्प बसला. प्रथम राग आला. मग लक्षात आले, की त्याने त्याचे काम चोख केले होते. भाषांतरकाराचे काम मूळ मजकूर इमानाने दुसऱ्या भाषेत नेणे. मशिदीवरच्या लेखात एखादे साल चुकीचे कोरलेले असेल तर इमानी भाषांतरकार ते तसेच उतरवील. साल खरे की खोटे, हे दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहावे लागते. आमच्या घरी ते काम बाबांनी केले. त्यांनी प्रोग्राम लिहिला नव्हता. पण कापूस त्यांनी वेचून आणला होता आणि किलोला किती होतात हे त्यांना पाठ होते.

आज बँकेत, शिष्यवृत्तीच्या यादीत, पीकविम्याच्या रकमेत, सगळीकडे कोणीतरी लिहिलेला प्रोग्रामच आकडा सांगतो. समोरचा माणूस ‘संगणकाने दिले आहे’ म्हणाला की आपण माना डोलावतो. प्रोग्राम चालला याचा अर्थ एवढाच की त्याचे व्याकरण शुद्ध होते. हे ज्याने एकदा स्वत:च्या हाताने पाहिले तो पुढच्या वेळी नम्रपणे का होईना, ‘वरचे सदतीस किलो कुठे गेले’ असे विचारू शकेल. मला वाटते, कला शाखेच्या विद्यार्थ्याने थोडेफार प्रोग्रामिंग शिकावे ते नोकरीइतकेच यासाठीही.

तेव्हा मित्रांनो, सुरुवात करावयाची असेल तर माझा अनुभव घ्या. पहिला नमस्कार झाला की दुसरा प्रोग्राम पुस्तकातला लिहू नका; घरच्या हिशेबाचा लिहा. दुधाचा, किराणा उधारीचा, खानावळीचा, कशाचाही. यंत्र सुरू करण्याआधी उत्तर कागदावर काढून उशाशी ठेवा. ताकिदी सगळ्या मागवून घ्या आणि वाचा. एकदा लहान आकडा घालून पाहा, एकदा शून्य, एकदा फार मोठा. आणि उत्तर जुळले तरी घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला दाखवा.

आमच्या घरी आता दोन्ही आहेत: माझ्या मोबाइलमधला प्रोग्राम आणि बाबांची लाल पुठ्ठ्याची वही. यंदाचा कापूस निघाला की दोघांचा आकडा ताडून पाहतो. न जुळल्यास आधी प्रोग्राम तपासतो. अजून तरी वहीत चूक सापडलेली नाही.